उरणे आणि थांबणे

२०२३ सालच्या दिवाळीत नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, रविवारी १२ नोव्हेंबरला आले होते. पहाटे अभ्यंगस्नान झाले, कारीट फुटले, फराळाची ताटे मांडली गेली. साडेदहानंतर बैठकीत पाहुणे बसलेले असताना आम्ही दोघे आळीपाळीने स्वयंपाकघरात जाऊन मोबाइल पाहून येत होतो. अखेर एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी विचारलेच, "यंदा मुहूर्ताचे सौदे सकाळीच सुरू झाले की काय?" मराठी शिकवणारे दाम्पत्य शेअर बाजारात गुंतले आहे हा त्यांचा समज आम्ही तसाच राहू दिला. खरे सांगणे अधिक अवघड होते. जपानमधल्या मितो या शहरात त्या वेळी एक फुटबॉल सामना चालू होता, तो १-१ अशा बरोबरीत अडकला होता, आणि ती बरोबरी सुटत नाही म्हणून आमच्या तोंडातल्या अनारशाची चव गेली होती.

या वेडाची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. आम्ही दोघेही कोल्हापूरचे. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती अशी की संघ निवडायचा नसतो, तो पेठेबरोबर पदरी येतो. पुढे नोकरीमुळे पेठ सुटली. आमच्यातल्या एकीचा धाकटा भाऊ जपानी भाषा शिकून शिझुओका प्रांतात नोकरीला गेला. २०१९च्या मे महिन्यात, परीक्षांचे पेपर तपासून झाल्यावर, आम्ही त्याच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. तिथल्या पहिल्याच शनिवारी तो म्हणाला, "दाजी, देवळं उद्या बघू. आज मॅच आहे."

शिमिझू स्थानकाबाहेरून बस सुटते आणि निहोंदाइराच्या टेकडीवरच्या मैदानाशी नेऊन सोडते. मागे बंदर, आजूबाजूला चहाचे मळे आणि संत्र्यांच्या बागा, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर फुजी पर्वत. माणसे नखशिखान्त नारिंगी. जपानी माणूस अबोल असतो हे पुस्तकी ज्ञान पहिल्या पाच मिनिटांत गळून पडले. तिथे चक्क ब्राझीलच्या सांबाच्या ठेक्यावर ढोल वाजत होते. शेजारच्या आजीबाईंनी आम्हांला कागदाच्या पुडीतून संत्र्याच्या फोडी दिल्या आणि गोल होताच आमच्यातल्या एकीचा हात घट्ट धरला. पेठ मिळाली होती.

या संघाचे नाव शिमिझू एस-पल्स. 'एस'मध्ये शिझुओका, शिमिझू, सपोर्टर आणि सॉकर हे चारही येतात, आणि 'पल्स' म्हणजे नाडी. १९९३ साली जे-लीग सुरू झाली तेव्हाच्या दहा संघांपैकी नऊ संघांच्या मागे कुठल्या ना कुठल्या कंपनीचा जुना संघ होता. दहावा शिमिझू. तो नागरिकांनी उभा केलेला. २००३ साली शिमिझू हे स्वतंत्र शहर म्हणून उरले नाही. ते शिझुओका शहरात विलीन होऊन त्याचा एक विभाग झाले. तेव्हापासून ज्या नावाची नगरपालिका नाही ते नाव दर आठवड्याला गुणतक्त्यात छापले जाते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नकाशावरून गेलेली गावे भाषेत राहून गेल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत.

भारतात परतल्यावर आमचे सामने 'पाहणे' संपले आणि 'वाचणे' सुरू झाले. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथला दुपारी दोनचा सामना आपल्याकडे सकाळी साडेदहाला. मोबाइलवर मिनिटाचा आकडा, गोलसंख्या आणि एखादी तुटक ओळ. बाकीचे सगळे वाचकाने भरून काढायचे. वाचकाच्या सहभागाविषयी आम्ही वर्गात जे काही बोलतो त्याचा प्रत्यय कुठल्या कादंबरीपेक्षा या रिकाम्या पडद्याने अधिक दिला. ८७, ८८, ८९ हे आकडे इतक्या जीवघेण्या गतीने बदलू शकतात हे आम्हांला पूर्वी माहीत नव्हते.

संघ तळाशी गेला की त्याच्या धडपडीला इंग्रजीत रेलिगेशनची लढाई म्हणतात. म्हणजे शब्द पडण्यावरून घेतलेला. मराठीत तिला शब्द नाही. 'पदावनती'ला सचिवालयाच्या फायलींचा वास येतो. जपानी वृत्तपत्रे मात्र या धडपडीला 'झानऱ्यू अरासोई' म्हणतात. 'अरासोई' म्हणजे झुंज, आणि 'झानऱ्यू' हा शब्द दोन चित्राक्षरांचा. पहिल्याचा अर्थ उरणे, दुसऱ्याचा थांबणे. पडू नये म्हणून नव्हे, तर राहता यावे म्हणून केलेली झुंज. पडण्याला ते 'कोकाकू' म्हणतात आणि वर चढण्याला 'शोकाकू'. मराठी कानाला यातला दुसरा शब्द हमखास 'शोकाकुल' असा ऐकू येतो, आणि शिमिझूच्या चाहत्याचा अनुभव पाहता कान फारसे चुकत नाहीत.

२०२२चा हंगाम हा या शब्दांचा आमचा पाठ. संघ वाईट नव्हता. त्या वर्षी जे-१ मध्ये सर्वांत जास्त, १४, गोल करणारा थियागो सांताना याच संघाचा. राष्ट्रीय संघाचा पहिला गोलरक्षक गोन्दा शुइची याच संघाचा. २०१८च्या विश्वचषकात बेल्जियमला गोल मारणारा इनुई ताकाशी उन्हाळ्यात येऊन मिळाला. तरीही चौतीस सामन्यांत विजय सात आणि बरोबऱ्या बारा. ज्यांना जिंकायचे कसे हे ठाऊक आहे पण जिंकलेले राखायचे कसे हे ठाऊक नाही, अशा गुणवान माणसांची ती शोकांतिका होती.

५ नोव्हेंबर २०२२, शनिवार. साप्पोरोत शेवटचा सामना. आमच्यातल्या एकाचा एम. ए.च्या वर्गावर सलग दोन तास भारतीय साहित्यशास्त्राचा तास होता. मोबाइल दुसरीकडे, स्टाफरूममध्ये. विषय साधारणीकरणाचा. रसास्वादाच्या आड येणाऱ्या विघ्नांत अभिनवगुप्ताने एक विघ्न सांगितले आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांच्या ताब्यात गेलेला असणे. 'हे माझे' ही जाणीव गळाल्याशिवाय रस नाही. फळ्यावर हे लिहीत असताना मन हजारो मैलांवरच्या 'माझ्या' संघापाशी होते. साडेबाराला वर्गाबाहेर आल्यावर व्हरांड्यात उभी असलेली व्यक्ती काही बोलली नाही, बोलावे लागले नाही. साप्पोरो ४, शिमिझू ३. परक्या मैदानावर तीन गोल करूनही हरण्याचे कौशल्य आमच्या संघाने शेवटपर्यंत जपले होते. ३३ गुण, सतरावा क्रमांक. शेवटचा, अठरावा, होता शेजारचा जुबिलो इवाता. फुटबॉलचे राज्य म्हणून मिरवणाऱ्या शिझुओका प्रांताचा एकही संघ जे-१ मध्ये नाही असे १९९३पासून प्रथमच घडले.

त्यानंतर अठराच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, कतारच्या विश्वचषकात जपानने जर्मनीला २-१ असे हरवले. ज्याच्यावरून पेनल्टी गेली त्याच गोन्दाने नंतर एकामागून एक फटके अडवले, आणि सामनावीर ठरला. साऱ्या जगाने त्या संध्याकाळी पाहिलेला गोलरक्षक खालच्या श्रेणीत गेलेल्या क्लबचा होता. आता हा कशाला थांबतो, असे आम्ही एकमेकांना म्हणालो. तो थांबला. इनुईही थांबला. पुढल्या वर्षी ते लहान गावांच्या मैदानांवर, जे-२ मध्ये खेळत होते.

दिवाळीच्या सकाळी आमची चव घालवणारा सामना त्याच वर्षाच्या अखेरचा. शिमिझू ७३ गुणांनी दुसरा होता. मितोला हरवले की थेट वर. सामना १-१ असाच संपला. इवाता आणि तोक्यो व्हर्दी दोघेही त्या दिवशी जिंकून ७५वर गेले आणि शिमिझू ७४ गुणांसह एकदम चौथा झाला. आता तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांतून एकालाच वर जाता येणार होते, आणि तिथला नियम असा की बरोबरी झाली तर वरच्या क्रमांकाचा संघ पुढे जातो. यामागाताशी ०-० अशी बरोबरी झाली तेव्हा या नियमाने आम्हांला वाचवले. २ डिसेंबरला तोक्योच्या राष्ट्रीय मैदानात ५३,२६४ प्रेक्षकांपुढे व्हर्दीशी गाठ पडली. सांतानाने पेनल्टीवर गोल केला आणि शिमिझू अर्ध्या तासाहून अधिक काळ १-० असा पुढे राहिला. भाऊ तोवर नोकरी बदलून पुण्याला परतला होता. तो फोनवर होता आणि आम्ही तिघेही बोलत नव्हतो. आकडा ९० वर गेला. मग अधिकच्या सहाव्या मिनिटाला ओळ उमटली की पेनल्टी, सोमेनो, गोल. १-१. ज्या नियमाने तारले होते त्यानेच मारले. व्हर्दी सोळा वर्षांनी वर गेला. फोनमधून बऱ्याच वेळाने एवढेच आले, "ताई, ठेवतो."

याच सुमारास आमच्या एम. ए.च्या वर्गात सात विद्यार्थी उरले होते. कार्यभाराचे तक्ते, पटसंख्येचे निकष, 'किमान' या शब्दाभोवती फिरणाऱ्या बैठका. गुणतक्ता वाचण्याची सवय लागलेल्या आम्हांला ते कागदही तळाच्या संघाच्या नजरेने वाचता येऊ लागले. एका तासानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, पुढच्या वर्षी वर्ग राहणार ना?" रोज एस. टी.ने चाळीस किलोमीटर येणारी मुलगी. तिने 'चालणार ना' असे विचारले नाही, 'राहणार ना' असे विचारले. आम्ही म्हणालो, प्रयत्न करतो आहोत. त्यापलीकडे बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते.

इथे उपमा जुळवून टाकण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण ती जुळत नाही. २०२४ साली शिमिझू वर गेला आणि आमचा वर्ग बंद झाला. त्यातून आम्हांला एक गोष्ट उमगली. खालच्या श्रेणीत जाणे हा वरवर निष्ठुर वाटणारा नियम वस्तुतः दयाळू आहे, कारण त्याने शिडी काढून नेलेली नसते. पडलेल्या संघालाही पुढच्या हंगामात शून्य गुणांवरून पुन्हा सुरुवात मिळते. तो कुठल्या वाटेने परत येईल हे आधीच लिहून ठेवलेले असते. बंद झालेल्या वर्गासाठी असा नियम कुणी लिहिलेला नाही. पडणे सोसता येते. न सोसवणारी गोष्ट आहे ती परतीची वाट नसण्याची.

आणखी एक गोष्ट. 'झानऱ्यू' हा शब्द वृत्तपत्रे संघासाठी वापरतात. २०२२ मध्ये संघाला ते साधले नाही. पण त्या टेकडीवरची नारिंगी माणसे पुढच्या वर्षीही होती, ढोल वाजत होते, आणि डिसेंबरात त्यांनी राष्ट्रीय मैदानाची अर्धी बाजू भरून टाकली होती. जाणारे गेले, सांतानाही पुढे उरावा रेड्सकडे गेला. संघ पडला तरी उरणे आणि थांबणे हे काम कुणीतरी करतच होते. अभिनवगुप्ताच्या कसोटीवर ही माणसे रसिक ठरणार नाहीत. त्यांचे 'माझे' कधी गळत नाही. पण रसिक प्रयोग संपल्यावर उठून जातो, आणि हे बसून राहतात. साहित्याच्या बाबतीत आपण स्वतःला रसिक म्हणवून घेतो. आपल्या भाषेला आज अधिक गरज कोणाची आहे, असा प्रश्न आम्हांला अलीकडे पडतो.

आमच्या शेवटच्या तुकडीतले सातही जण परीक्षेला बसले. एस. टी.ने येणारी ती मुलगी आता तिच्या तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवते. आम्ही प्रथम वर्षाचे तास घेतो.

२७ ऑक्टोबर २०२४ला तोचिगीत १-० असे जिंकून शिमिझूचे 'शोकाकू' नक्की झाले. पुढचा रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीजेचा. भाऊ पुण्याहून सकाळीच आला होता. ओवाळणीचे तबक तयार होते, पण त्याने पाटावर बसायला नकार दिला. "ताई, अजून पाच मिनिटं." इवाकीविरुद्ध १-० होते आणि आकडा ८५वर होता. निरांजनातली वात संपत आली म्हणून तूप पुन्हा घालावे लागले. मग सामना संपला, शिमिझू जे-२चा विजेता झाला, आणि तो पाटावर येऊन बसला. २०२५ मध्ये संघ जे-१ मध्ये चौदावा आला, म्हणजे राहिला. तबकात त्या दिवशी सुपारीशेजारी एक संत्रे कुणी ठेवले होते, यावर मात्र आम्हां दोघांत अजून एकमत झालेले नाही.