चित्राखालची सही

चि. भाचीस,


गणेशोत्सव जवळ आला की कुणीतरी रंगवलेला गणपती व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. फिरता फिरता कोपऱ्यातली चित्रकाराची सही कापली जाते, तिथे एखाद्या मंडपवाल्याचा मोबाइल नंबर येतो आणि तेच चित्र चौकातल्या फ्लेक्सवर झळकते. विचारले तर ‘नेटवरच मिळालं’ एवढेच उत्तर. पण नेटवर दिसणारे चित्र मालकाविना पडलेले नसते.

भारतातला कॉपीराइट कायदा 1957 चा. चित्र, रेखाटन किंवा छायाचित्र साकार झाले की हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षे टिकतो. राजा रविवर्मा 1906 साली गेले, त्यांची चित्रे आता कुणीही छापावीत. दीनानाथ दलाल 1971 साली गेले. त्यांच्या चित्रांना 2031 अखेरपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे त्यांनी रंगवलेले दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ जुने, पिवळे पडलेले दिसले तरी ते मोकळे झाले असे समजू नये.

कलाकार खरा अडकतो तो व्यवहारात. पैसे घेऊन सांगितल्याबरहुकूम चित्र काढले किंवा फोटो टिपला, आणि उलट काही ठरलेले नसले, तर कायद्याच्या लेखी पहिला हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. नोकरीत केलेल्या कामाचा मालकाकडे. आधीच ठरवून घेण्याला म्हणूनच फार मोल आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी बोलण्याने तो जात नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी दिलेले चित्र प्रकाशकाने कॉफीचा मग, टी-शर्ट, कॅलेंडर यांवर छापायचे की नाही, हेही त्याच कागदावर यायला हवे.

कॉपीराइट विकला तरी एक हक्क कलाकाराजवळच राहतो: आपले नाव लागण्याचा, आणि आपली प्रतिष्ठा डागाळेल अशी कामाची मोडतोड रोखण्याचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भव्य भित्तिशिल्प 1979 साली काढून गोदामात टाकले गेले, त्याचे तुकडे झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली उरलेले अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरीही! सही कापण्याला जे क्षुल्लक समजतात त्यांनी हा निकाल जरूर वाचावा. चित्रासोबतची डिजिटल नाममुद्रा जाणूनबुजून पुसणे हा तर 2012 च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे; शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

चोरी सापडली की पहिले काम पुरावा: तारीख आणि पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट, शिवाय थरांसकट मूळ फाइल किंवा कच्चे रेखाटन. चोराकडे चपटी जेपीजी असते, थर नसतात. मग संकेतस्थळाला लेखी तक्रार. 2013 च्या नियमांनुसार, तक्रारीत तथ्य दिसल्यास 36 तासांत चित्रापर्यंतची वाट बंद व्हायला हवी. मात्र ही बंदी 21 दिवसांचीच. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही तर चित्र पुन्हा दिसू शकते. एकट्यादुकट्या चित्रकारासाठी ही मुदत जाचक आहे, ती वाढायला हवी. दिलासा एवढाच की दावा कलाकार राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, चोराच्या गावी धावावे लागत नाही. नोंदणी केलेली असेल तर ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाबद्दल फौजदारी तक्रारही करता येते. त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते.

तुझा,
मामा