स्वस्तातले छर्रे, महागातलं शहाणपण

हौशी नेमबाज बंदूक निवडायला सहा महिने घेतो आणि छर्रे पाच मिनिटांत उचलतो. निदान मी तरी तसंच केलं. रायफलींचे व्हिडिओ पाहिले, माहीतगारांना फोन करून पिडलं, घरच्यांशी वाद घातला आणि शेवटी पैसे मोजताना दुकानदाराला म्हटलं, "आणि छर्रेपण टाका दोन डबे." कुठले टाकायचे ते त्याने ठरवलं. त्यानंतरही प्रत्येक वेळी दर, दिसणं नाहीतर कुणाचा तरी शब्द एवढ्यावरच मी दारूगोळा घेत गेलो. त्यातून जे निस्तरावं लागलं, ते रत्नागिरीत नव्याने या छंदाला लागणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो आहे.

छंद लागला तो १ ऑगस्ट २०२४ ला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण करून कांस्यपदक घेतलं. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं. घाटावर हे सगळं चाललेलं असताना आपण खाली बसून नुसत्या टाळ्याच वाजवायच्या का, असं पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या बँक कर्मचाऱ्याला वाटलं. स्वप्निलच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याच्या बातम्या मीही वाचल्या होत्या. त्या वाचूनही काडतूस ही किती विचार करून घ्यायची वस्तू आहे हे डोक्यात शिरलं नाही.

कोकणात बंदूक नवी नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी, दुनळी कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हे लहानपणापासून पाहिलेलं. पण त्यामुळेच इथे बंदूक म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे वानर आणि रानडुक्कर येतं, कागदाचं टारगेट येत नाही. दुकानदाराने मला विचारलं, "वानरांसाठी ना?" या वयात नेमबाजी शिकतोय म्हणायची लाज वाटली, म्हणून मी "हो" म्हटलं. त्याने इमानदारीत टोकदार, जड छर्रे दिले. चूक त्याची नव्हती.

वानरांचा विषय निघालाच आहे तर इथेच संपवतो. एअर रायफल परवान्याविना मिळते म्हणून ती वन्यप्राण्यावर चालवता येते, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि छर्रा हवेच्या दाबाने सुटला म्हणून तो सूट देत नाही. त्यातून छर्ऱ्याने वानर मरत नाही, जखम घेऊन हिंडतं. मी कधी वानरावर नेम धरला नाही. तरी दुकानात "हो" म्हटल्याची टोचणी अजून आहे.

परसात दहा मीटर मोजून टारगेट लावलं आणि त्या टोकदार छर्ऱ्यांनी कागदाच्या चिंध्या केल्या. दहा मीटर एअर रायफलच्या टारगेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलीमीटरचा असतो, आणि प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा अडीच मिलीमीटर बाहेर. म्हणजे छर्रा अडीच मिलीमीटर सरकला की एक गुण गेला. इतक्या बारीक हिशेबात भोकाची कड स्वच्छ पाहिजे, नाहीतर नऊ की दहा हे ठरवणार कसं? म्हणून कागदासाठी सपाट डोक्याचे छर्रे असतात; ते पंच मशीनसारखं गोल भोक पाडतात. टोकदार छर्रा कागद फाडत जातो. शिवाय त्याचं टोक घडवताना जरासं एका बाजूला गेलं तरी नेम बिघडतो. मी मात्र पंधरवडाभर माझ्याच श्वासाला आणि खांद्याला दोष देत होतो.

दुसरा गोंधळ आकड्यांचा. रायफलीवर पॉइंट वन सेव्हन सेव्हन लिहिलेलं असतं, डब्यावर ४.५ मिमी. दोन्ही एकच, एक इंचात, दुसरं मिलीमीटरमध्ये. पॉइंट टू टू म्हणजे ५.५ मिमी. हे मला उशिरा कळलं आणि कळेपर्यंत "मोठा छर्रा, जास्त ताकद" म्हणून ५.५ ची रायफल घ्यायचं जवळपास ठरवून बसलो होतो. नेमबाजीच्या क्लबमधल्या एका मुलीने, ती माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला थांबवलं. "काका, तिला लायसन्स लागतं. बघितलंत का?" बघितलं नव्हतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची आणि वीस ज्यूलच्या आतली एअर रायफलच परवान्याविना ठेवता येते. भोक मोठं झालं किंवा ताकद वाढली, की ती परवान्याच्या शस्त्रांत जाते. आणि स्वप्निल वापरतो ते पॉइंट टू टूचं काडतूस ही तर तिसरीच गोष्ट. त्यात दारू असते. ते परवान्याशिवाय एकसुद्धा जवळ बाळगता येत नाही. आकडा तोच म्हणून वस्तू तीच, असं समजणाऱ्याने खरेदीला जाऊच नये.

यानंतर मी शहाणा झालो असं मला वाटलं. सपाट डोक्याचे तीन वेगवेगळे छर्रे आणले, प्रत्येकाचे पाच बार काढले आणि एका डब्याचं ग्रुपिंग असं जमलं की पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. त्याच भरात तसले भरपूर डबे मागवले, घाऊक घेतल्यावर स्वस्त पडत होते म्हणून. आले, उघडले, आणि तसं ग्रुपिंग पुन्हा काही दिसेना. वरचा थर बघून आंब्याची पेटी घेणाऱ्या मुंबईच्या गिऱ्हाइकाला आम्ही रत्नागिरीकर हसतो. मी पाच छर्ऱ्यांवर पेटी घेतली होती.

चूक दोन ठिकाणी होती. पाच बार एकदा जवळ पडणं हा योगायोगही असतो. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, म्हणजे आपला हात हिशेबातून काढून, प्रत्येक छर्ऱ्याचे बरेच ग्रुप काढायचे आणि त्यांची सरासरी बघायची. छर्रा बदलला की सुरुवातीचे काही बार सोडून द्यायचे, कारण नळीला नव्या शिशाची सवय व्हायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे डब्यावरचा लॉट नंबर. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा छर्रा वेगळ्या लॉटमध्ये वेगळा वागू शकतो. त्याच्या डोक्याचा व्यासही ४.४९, ४.५०, ४.५१ असा बारीक फरकाने येतो, आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादाच मानवतो. म्हणून आधी एक डबा घ्यायचा, पारखायचा, आणि पटला तर त्याच लॉटचे आणखी मागायचे. महागडा छर्रा चांगलाच असेल असंही नाही. माझ्या रायफलीला शेवटी मधल्या दराचाच मानवला. स्पर्धेला रायफलीसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा चालतो हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर जड तेच भारी हे खूळही डोक्यात राहिलं नसतं. पण मी विचारलंच नव्हतं, सांगणार कोण?

स्टीलच्या गोळ्यांचा प्रकार तर सांगायलाही संकोच वाटतो. चकचकीत, बाटलीभर आणि किमतीला जवळजवळ फुकट. त्या गुळगुळीत नळीच्या खेळण्यातल्या बंदुकांसाठी असतात. माझ्या रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा आहेत. शिसं मऊ, ते त्या खाचांत बसून फिरत बाहेर पडतं. स्टील फिरत नाही, खाचा घासतं. हे कळण्याआधी मी एक गोळी झाडून बसलो होतो. टारगेटमागे लोखंडी पत्रा लावला होता. गोळी पत्र्यावर आपटून उलटी आली आणि माझ्या डोक्यावरून पडवीच्या कौलावर टणकन वाजली. डोळ्यांवर चष्मा होता तो वाचायचा. त्या दिवशी बाटली भंगारात गेली, नेमबाजीचा चष्मा आला आणि टारगेटमागे जुन्या गोधड्या ठासून भरलेला खोका लागला. आता बायकोही नेम धरणाऱ्याच्या मागे उभी राहते, बाजूला नाही.

पुढच्या चुकीला आपला पाऊस कारण. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. जूनमध्ये पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो. मी घाऊक घेतलेले डबे माळ्यावर ठेवले होते. गणपतीत काढले तर छर्ऱ्यांवर पांढुरकी भुकटी. शिसं दमट हवेत असं पांढरं पडतं. ती भुकटी विषारी असते, आणि असा छर्रा नळीतून सरळही जात नाही. उरलेले वाचवावेत म्हणून मी अक्कल लढवली आणि त्यांना खोबरेल तेलाचं बोट लावलं. पहिल्याच बाराला फटाक्यासारखा आवाज आणि नळीतून धूर. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन हवा इतक्या झपाट्याने दाबतो की ती क्षणात भयंकर तापते. तिथे तेल पोचलं की पेटतं. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं. छर्रा भलत्याच वेगाने गेला, आणि पुढे आतलं सील बदलून घ्यावं लागलं. आता डबे घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात, आणि पावसाळ्यात लागतील तेवढेच घेतो.

त्या भुकटीवरून आणखी एक. शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही, मुलांच्या बाबतीत तर नाहीच. मी मात्र एका हाताने छर्रे भरत दुसऱ्या हाताने पोहे खात होतो, आणि भाचा डब्यातले छर्रे ओतून मोजत बसायचा. बहिणीने पाहिलं आणि मला जे बोलली ते छापण्यासारखं नाही. बोलली ते बरोबर होतं. छर्रे हाताळले की साबणाने हात धुवायचे, रेंजवर खायचं नाही आणि डबा कुलपात ठेवायचा. वाजलेल्या छर्ऱ्यांचं शिसंही गोळा करायचं, परसात माडाच्या आळ्यात सोडायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक शेवटी सांगतो, कारण तिच्यात दंडावर भागलं नसतं. गावच्या घरात चुलत्यांची शेतीसंरक्षणाची बारा बोअर होती. ते गेल्यावर बंदूक रीतसर ठाण्यात जमा झाली. मागे पेटाऱ्यात काही काडतुसं सापडली, पुठ्ठ्याच्या जुन्या बांधणीची. आठवण म्हणून ती मी उचलली आणि रत्नागिरीला शोकेसमध्ये मांडली. बाहेरगावी जाताना एकदा ती बॅगेच्या कप्प्यात राहिली होती; बस होती म्हणून निभावलं. विमानतळावर हेच सापडलं असतं तर सरळ गुन्हा दाखल झाला असता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नव्हे. परवानाधारक गेला की शस्त्र आणि दारूगोळा दोन्ही विनाविलंब ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचे असतात. एक जिवंत काडतूसही त्यात आलं.

ती जमा करायला गेलो तेव्हा गावचे एक वडीलधारे परवानाधारक बरोबर होते. त्यांनी काडतुसं बघूनच सांगितलं, ही वाजवायच्या लायकीची नाहीत. पुठ्ठा फुगलाय, नळीत अडकली असती. बोलता बोलता ते काडतूस घेताना काय बघतात तेही सांगितलं. जुन्या बंदुकीत काडतुसाचं घर बहुधा ६५ मिलीमीटरचं असतं. तिच्यात ७० मिलीमीटरचं काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरमध्ये चुकून गेलं तर ते पुढे घसरून नळीत अडकतं. मागून बारा बोअरचं भरून चाप ओढला की नळीच फुटते. म्हणून वीस बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करतात. "खडकीच्या कारखान्यातलं असो नाहीतर विलायती," ते म्हणाले, "बंदुकीवर काय कोरलंय ते आधी वाचायचं, मग दुकानात जायचं." सारी हयात त्यांची शेतात गेली, मी पदवीधर, तरी नळीवरचा आकडा वाचायची तसदी घेतली नव्हती.

तेव्हा नवशिक्यांना एवढंच सांगणं. दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: नळीवरचा आकडा, कशावर नेम धरणार ते, आणि कायद्याने तुम्हाला काय बाळगता येतं ते. पहिल्या वेळी एकच डबा घ्या आणि त्याचा लॉट नंबर टिपून ठेवा. क्लबात तुमच्याहून लहान कुणी टोकलं तर ऐका. आणि घरात कुणा गेलेल्या माणसाची काडतुसं पडून असतील, तर हा लेख बाजूला ठेवून आजच पोलीस ठाण्यात फोन करा.