गराला विस्तव दाखवू नकोस

चि. मनू हिस आत्याचा आशीर्वाद.

सीताफळाचा गर विकायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. ऑक्टोबरात दौलताबादच्या रस्त्याकडेला पाट्या मांडून बसणाऱ्या बायका तू लहानपणापासून पाहतेस. सालीवरचे डोळे उघडलेलं फळ तोडलं की दोन-चार दिवसांत मऊ पडतं. मग दिवस मावळताना येईल त्या भावाला द्यावं लागतं. त्यांच्या हातातली ही घाई कमी व्हावी, असं मला फार वाटतं.

फक्त आमरसाची रीत इथे लावू नकोस. आंब्याचा रस तापवून डब्यात भरला तरी चालतो. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. तुझी पणजी बासुंदी पार गार झाल्यावरच त्यात गर घालायची, ते याचसाठी. कुरडईला ऊन लागतं, कैरीला मीठ आणि तेल. या फळाला गारठाच मानवतो.

गर काढताना चमचा सालीला घासू देऊ नकोस. सालीलगतचा रवाळ थर तिथेच राहू दे, आतला पांढरा गर तेवढा अलगद उचल. हवा लागली की तो काळवंडायला लागतो, म्हणून क जीवनसत्त्वाची पूड लगेच मिसळ. पिशवीतली हवा दाबून काढ आणि उणे १८ अंशांवर गोठव. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थिजतात. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवून कुणाच्या ताटात जाऊ देऊ नकोस.

आणि प्रत्येक पिशवीवर तारीख हवीच. पण नुसत्या तारखेवर विसंबू नकोस, आत काय आहे तेही बघ. आपल्या देवगिरीचा, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याचा, कडा तासलेला, चढायला वाव नाही. तरी १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यात रामदेवराव यादवांना नमावं लागलं. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, धान्याची समजून घाईघाईने वर नेलेली पोती मिठाची निघाली. शिबंदी लढायला उभी, आणि कोठीत खायला दाणा नाही! पोतं आत घेतानाच उघडून बघायचं असतं, मनू. तूही दर खेपेच्या मालातली एखादी पिशवी फोडून चाखत जा.

शीतगृहाचं भाडं ठरवण्याआधी तिथे जाऊन ये. वीज गेल्यावर जनरेटर किती वेळात सुरू होतो, ते समोर उभी राहून बघ. मगच आगाऊ रक्कम दे.

तुझी,
आत्या