लोकर खरी की नावाची?

आमच्या नांदेड-लातूरकडे दुकानात विणायचा कुठलाही गुंडा 'लोकर' म्हणूनच मिळतो. बहुतेकदा असतं ॲक्रिलिक. एरवी चालतं हो. पण बाबांना पहाटे शेतावर जाताना नमद्यासारखी घट्ट टोपी हवीये. तिथं मेंढीचीच लोकर लागते. गरम साबणपाण्यात चोळली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, वीण आटून दाट होते. ॲक्रिलिकला खवलेच नाहीत!

म्हणून आधी धागा जाळून बघते. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर. वितळून टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. मग चार इंची तुकडा विणून, मापून, चोळून पुन्हा मापते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, कपाळाला टोचणार. आतून सुती अस्तर लावीन म्हटलं. बाबा म्हणाले, "घोंगडं पांघरून जन्म गेला, आता टोचण्याचं काय कौतुक?"