ठिकाण गाळलेले चित्र

अमरावती-अकोल्यास अरण्यचित्रे विकण्याचा जोडधंदा आम्ही चालवितो. यंदा चित्रांची यादी नव्याने मांडताना रानपिंगळ्यापाशी लेखणी अडली. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ ज्याचा खात्रीचा ठाव नव्हता, तो हा पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा गवसला. पुढे आमच्या मेळघाटातही. गिऱ्हाइकांस हवा असतो वाघ, पिंगळा घेणारा विरळा, आणि तोही आधी विचारतो, "सर, ढोली कोठे?" मागील यादीत आम्ही नाल्याचे नाव हौसेने छापले होते. पुढल्या हंगामी झाडाखालचे गवत तुडविलेले, ढोली रिकामी. दोष आमचाच, हे कोण सिद्ध करणार? तरी यंदा चित्राखाली 'मेळघाट' एवढेच लिहिले. परवा एका गृहस्थांनी ते वाचले व चित्र परत ठेविले.