धुराला वाट पाहिजे

लग्नानंतर मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चान्या केल्या आणि त्या कडूजहर झाल्या. ही गोष्ट १९८८ च्या उन्हाळ्यातली. आमचे मिस्टर जालन्यात लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये हेल्पर म्हणून लागले होते. दहा बाय दहाची एक भाड्याची खोली होती. खोली देताना घरमालकीण म्हणाली होती, "आमच्याकडे वशाट चालत नाही बरं का." आम्ही मान हलवली. नवीन गाव, नवीन नोकरी, दुसरं काय करणार?

पण चैत्र लागला आणि मला माहेरची आठवण येऊ लागली. आमच्या आजीच्या घरी, अंबड तालुक्यात, उन्हाळ्यात दोरीवर चान्या वाळत असायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की त्यावरच कालवण निघायचं. मिस्टरांना सांगून मी दोन किलो मांस आणवलं. दिवसभराची मजुरी त्यात गेली.

बाहेर उन्हात घालायची तर सोय नव्हती, लोक बघतील. म्हणून मी दार लावलं, खिडकी लावली, फटीला फडकं कोंबलं. ओल्या पट्ट्या तशाच चुलीवर दोरी बांधून टांगल्या. सरपण म्हणून अंगणात पडलेली कडुलिंबाची फांदी. ती ओली, पेट घेईना, म्हणून वर रॉकेल ओतलं. धूर एवढा झाला की माझेच डोळे चुरचुरून लाल झाले. मला वाटलं, धूर जितका जास्त तितक्या चान्या लवकर होतील.

तिसऱ्या दिवशी त्या काळ्याकुट्ट दिसू लागल्या. भाजून एक तुकडा तोंडात टाकला तर जीभ बधिर झाली. मसाला घालून बघितला, चिंच घालून बघितली, कडूपणा काही जाईना. टाकवतही नव्हतं. शेवटी फडक्यात बांधून मी त्या आजीकडे घेऊन गेले.

आजीनं एक तुकडा चावला, थुंकला आणि विचारलं, "लाकूड कशाचं व्हतं?"

"लिंबाचं."

"वलं का वाळलेलं?"

"ओलं."

"मांस वाळवून टांगलंस का तसंच?"

"तसंच."

"अन् दार उघडं व्हतं का?"

या चौथ्या प्रश्नाला मी मान खाली घातली. आजी समजली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरी, धुराला वाट पाहिजे. धूर कोंडला की कडू व्हतो."

त्या दिवशी तिनं मला सगळं नीट समजावून सांगितलं. पुढं ते मी करून पाहिलं, म्हणून भगिनींसाठी लिहिते.

मांसातली चरबी आणि हाडं काढून टाकावीत, कारण चरबी पुढं खवट होते. बोटाच्या निम्म्या जाडीच्या लांब पट्ट्या कापाव्यात. किलोला तीस-चाळीस ग्रॅम मीठ आणि थोडी हळद चोळावी. मग पट्ट्या कडक उन्हात, एकमेकींना न चिकटतील अशा टांगाव्यात. वरून पातळ कापड घालावं, म्हणजे माशी बसत नाही. हात लावला तर बोटाला चिकटू नये, इतकं वरचं अंग सुकलं की मगच धुराकडे न्यावं. ओल्या मांसावर काजळी आणि डांबरासारखा चिकटा पटकन बसतो. तोच कडू लागतो.

जळण वाळलेलंच हवं. ओलं लाकूड पेटतं तेव्हा आधी त्यातलं पाणी उकळतं, जाळ थंड पडतो, लाकूड अर्धवट जळतं आणि दाट पांढरा, पिवळसर धूर निघतो. वाळलेलं लाकूड नीट जळलं तर धूर विरळ, निळसर असतो. तोच चान्यांना चांगला. बाभळीचा, बोरीचा वाळका ढलपा उत्तम. लिंबाच्या वाटेला जाऊ नये. रुई आणि कण्हेर तर विषारीच. रंग दिलेली फळी, प्लायवूड, प्लास्टिक, रॉकेल यांचं नाव काढू नये. आपल्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या फुकट मिळतात, पण त्यांच्यावर फवारण्या झालेल्या असतात, म्हणून त्याही नकोत.

आधी जाळ होऊ द्यावा, निखारे पडू द्यावेत, मग वर एखादा ढलपा ठेवावा. चान्या जाळापासून दीड-दोन हात उंच असाव्यात. आणि दार, खिडकी, कौलाची फट, काहीतरी उघडं असावं. धूर चान्यांना शिवून निघून गेला पाहिजे, तिथंच घुटमळता कामा नये. दोन-तीन संध्याकाळी असा धूर दिला आणि दिवसा ऊन दिलं की पुरे. वाकवली की कट्‌कन मोडली, तर चानी झाली असं समजावं. नुसत्या धुरानं मांस टिकत नाही, ते आतपर्यंत वाळलं पाहिजे. किलोचं जेमतेम पावशेर-तीनशे ग्रॅम उरतं. कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवावं आणि बुरशी दिसली तर मोह न करता फेकून द्यावं.

खाताना निखाऱ्यावर फुगेपर्यंतच भाजावी. करपली तर चांगली चानीही कडू होते. आणि कधी कधी कडूपणा धुराचा नसतोच. कोंबडी साफ करताना काळजाजवळची पित्ताची थैली फुटली तर सगळं कालवण कडू होतं. ती अलगद काढावी.

हे सगळं सांगून झाल्यावर आजीनं एक गोष्ट सांगितली. तिच्या लहानपणी, निजामाच्या राज्यात, गावातलं मेलेलं ढोर आपल्या लोकांनीच ओढायचं आणि त्याचंच मांस वाळवून खायचं. ते आधीच नासलेलं असायचं, वरून धूर देऊन वास मारायचा. १९२७ साली मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. ती गोष्ट आजीच्या गावात बऱ्याच उशिरा पोचली. पण पोचली तेव्हा आपल्या लोकांनी ढोर ओढणं सोडलं. गावानं वाट बंद केली, पिठाची गिरणी बंद केली. "तरी आमी हटलो न्हाई," आजी म्हणाली. "उपास काढले. मग बाजारातून पैसे देऊन ताजं आणायला लागलो. ते दारात, उन्हात टांगायचो. लपवायचं तर मेलेलं लपवावं. इकत घेतलेलं कशाला लपवायचं?"

पुढच्या उन्हाळ्यात मी दार उघडं ठेवून चान्या केल्या. धूर सरळ अंगणात गेला. चान्या गोड झाल्या आणि महिनाअखेरीला खोली सोडावी लागली. त्या वेळी मी खूप रडले. मिस्टर म्हणाले, "जाऊ दे, आपल्या वस्तीत जागा बघू." पत्र्याचं का होईना, पुढं आमचं स्वतःचं घर झालं.

आता दिवस बदलले. राज्यात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूलाही झाली. आमच्याकडे आता बकऱ्याच्याच चान्या होतात, त्याही थोड्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा ते लाकूड सरपणाला आलं. त्याचा धूर फार सौम्य होता, पण ज्याची बाग गेली त्याचं तोंड आठवून घास गोड लागत नव्हता. घरात गॅस आहे, चूल अंगणात गेली, ते बरंच झालं. चुलीच्या धुरानं आजीला जन्मभर खोकला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनंही २०१५ साली, धूर देऊन, खारवून टिकवलेल्या मांसानं कर्करोगाचा धोका वाढतो, असं जाहीर केलं. म्हणून चानी रोजच्या ताटात नको, सणासुदीपुरती, चवीपुरती असावी.

परवा मुलगी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक घेऊन आली. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावरचं हे पुस्तक २०१५ साली निघालं आणि २०२४ मध्ये इंग्रजीतही आलं. त्यात चान्यांचं नाव छापलेलं पाहून ती म्हणाली, "आई, आता तुझ्या पद्धतीनं करून दाखव, मी वहीत लिहून घेते."

मी पट्ट्या कापल्या, मीठ-हळद लावली, दोरी बांधली. ती सवयीनं अंगणाचं फाटक लावायला निघाली. मी म्हटलं, "राहू दे गं उघडं."