अठ्ठेचाळीस तास

मोजता आले की चिंता कमी होते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ताप मोजावा, रक्तदाब मोजावा आणि निश्चिंत व्हावे. गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र मला याच्या अगदी उलट अनुभव आला.

आधीचा गर्भ सातव्या आठवड्यातच गेला होता. त्यामुळे या वेळी पाळी चुकताच डॉक्टरांनी रक्तातील ‘बीटा एचसीजी’ या संप्रेरकाची तपासणी करावयास सांगितली. गर्भ रुजू लागला की पुढे जिची वार होते त्या पेशी हे संप्रेरक स्रवू लागतात. अहवालात आकडा आला : 312. शेजारी छापलेली सामान्य मर्यादा दोन आकडी संख्येपासून कित्येक हजारांपर्यंत पसरलेली. तिच्यात मी होते, पण तिच्यात कोणीही असू शकले असते! डॉक्टर म्हणाल्या, “एकटा आकडा काही सांगत नाही. दोन आकड्यांमधली वाढ सांगते. परवा पुन्हा रक्त द्या.”

त्या अठ्ठेचाळीस तासांत घरातले कोणी काही विचारीत नव्हते, कारण कोणाला ठाऊकच नव्हते. तीन महिने पुरे होईपर्यंत बोलू नये, ही आपल्याकडची रीत. दृष्ट लागण्याची भीती म्हणून मी पूर्वी तिला हसत असे. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात, हे कळल्यावर त्या रीतीतले शहाणपण दिसले; तिची किंमतही दिसली. आनंद लपवावा लागतो तसा घोरही एकटीनेच सोसावा लागतो.

दुसरा आकडा आला 489. दुप्पट म्हणजे 624 व्हावयास हवे होते, असे माझे गणित. डॉक्टरांनी समजावले की, दुप्पट हा केवळ ठोकताळा आहे. आरंभी दोन दिवसांत सुमारे निम्म्याने वाढ झाली, तरी गर्भ नीट वाढत असू शकतो. माझी वाढ 57 टक्के होती. आशेला पुरेशी, निश्चिंतीला अपुरी.

सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. 1994 च्या कायद्यानुसार गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी प्रतीक्षाकक्षात लावलेली होती. मुलगा की मुलगी, हा प्रश्न माझ्यापासून फार दूर होता. मला एवढेच हवे होते : आहे ना? पडद्यावर गर्भपिशवी दिसली, तीत तीन मिलिमीटरांचा गर्भही दिसला. ठोका दिसला नाही. गर्भ सात मिलिमीटरांचा होऊनही ठोका नसेल तरच तो गेला असे म्हणतात. त्याआधी निर्णय द्यावयाचा नाही, थांबावयाचे. शिवाय हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले. बीज चार दिवस उशिरा सुटले असेल, तर सारा हिशेबच चार दिवस मागे सरकतो.

मागच्या वेळी पपई, प्रवास, जिना अशी कितीतरी कारणे माझ्यापुढे ठेवली गेली होती. इतक्या लवकर जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांच्या गुणसूत्रांतच दोष असतो, हे त्या वेळी कोणी सांगितले नाही. ते कळल्याने दुःख कमी झाले नसते. पण स्त्रीने स्वतःलाच आरोपी करून घेणे तरी टळले असते.

मराठीत गर्भ राहण्याला ‘दिवस जाणे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आले. त्याचा अर्थ त्या दिवसांत कळला. या अवस्थेत घाई करून काही जाणून घेता येत नाही. दिवस जाऊ द्यावे लागतात. प्रयोगशाळाही शेवटी तेच करते. ती दोन आकड्यांमध्ये दोन दिवस ठेवते.

अकराव्या दिवशी पडद्यावर बारीकशी उघडझाप दिसली. मिनिटाला किती ठोके, तेही डॉक्टरांनी सांगितले. 312 आणि 489 आजही मला पाठ आहेत; तो आकडा मात्र माझ्या ध्यानात राहिला नाही.